साठ पावलांचा पाव

रस्त्यावर रेघ मारणं किती अवघड आहे, हे ज्याला कळत नाही तोच तिच्यावर गाडी उभी करतो. सव्वीस वर्षं मी हेच काम करतोय. शाळेसमोरचे पट्टे, वळणावरचे बाण, कडेच्या पिवळ्या रेघा, सगळं ह्याच हातांनी. नखांतला पिवळा रंग आता लग्नकार्यालाही निघत नाही, म्हणून गावभर मला पिवळ्या म्हणतात. म्हणू देत. पण रंग वाळायच्या आत कुणी रेघेवर चाक घातलं की माझं टाळकं फिरतं, आणि मग समोर कोण आहे ते मी बघत नाही. कुणाच्या बापाला भीत नाही मी. बहिणीला भितो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तेव्हापासून माझं नाक पुसणं आणि माझा कान पिळणं ही दोन्ही खाती तिच्याकडे आहेत. नाक मी आता स्वतः पुसतो. कानाचं अजून तिच्याचकडे आहे.

ताईची बेकरी रेल्वेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. तीस वर्षं झाली. पहाटे भट्टी पेटवते, सहाला पहिला ट्रे बाहेर येतो, सातला भट्टी बंद. हातभर लांब चिमटा तिच्या उजव्या हाताला जन्मापासून चिकटलेला असावा असा असतो, आणि त्या चिमट्याने ती पाव उचलते, माशा हाकलते आणि माणसांना रांगेत उभं करते. पण दुकान चालायचं ते रस्त्यावरच्या गाड्यांवर. फाटक ओलांडून आलेली गाडी दारात थांबायची, खिडकीतून हात बाहेर यायचा, ताई पुडी त्या हातात ठेवायची. गिऱ्हाईकाला बूड हलवायला लागायचं नाही. मागचे भोंगे वाजवायचे. त्यांच्याही मागचा कधीकधी थेट रुळांवर उभा असायचा, आणि त्याला वाटायचं की पुढे काहीतरी महत्त्वाचं चाललंय. पुढे बनपाव घेणं चाललेलं असायचं.

एकदा शाळेची गाडी अशीच रुळांवर अडकली. फाटकवाल्याने फाटक अर्ध्यावर थांबवलं, हातात लाल झेंडा घेऊन धावला, पुढच्या चार गाड्यांना शिव्या देत एकेक हात पुढे सरकवलं आणि शाळेची गाडी बाहेर काढली. कुणाला काही झालं नाही. मुलांना तर मजाच वाटली. पण दुसऱ्या दिवशी सगळे आईबाप नगरपालिकेच्या दारात उभे, आणि आठवड्यात हुकूम निघाला: फाटकाच्या दोन्ही अंगांना, रुळापासून चाळीस मीटरपर्यंत, गाडी उभी करायला आणि थांबवायलाही मनाई. दोन्ही कडांना पिवळी रेघ मारा. आणि रेघ मारणार कोण, तर मी.

मी संध्याकाळी ताईकडे गेलो. तिला हुकूम आधीच कळला होता. पाव विकणाऱ्या बाईला गावातलं काय कळत नाही? तिने फळीवरचे रिकामे ट्रे पुसता पुसता विचारलं की चाळीस मीटर म्हणजे कुठपर्यंत. मी म्हटलं, तुझं दुकान संपतं तिथपर्यंत, पार बोळाच्या तोंडापर्यंत. बोळात गाडी शिरत नाही. बोळापलीकडे शाळेची लांब भिंत आहे, तिथे लावता येईल. तिथून तुझं दार साठ पावलांवर.

ताई ट्रे पुसतच राहिली. पुसलेलाच ट्रे परत पुसला.

"साठ पावलं चालून कोण येणार रे माझ्याकडे?" ती म्हणाली.

बस. एवढंच. रेघ आखूड कर, असं तिने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला खपत नाही. पण ती काही म्हणालीच नाही. उलट तू तुझं काम कर, म्हणाली, आणि जाताना मला पावाच्या कडेचा करपलेला तुकडा दिला, मला लहानपणापासून आवडतो तो. तो खात घरी आलो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, एक तर झोपा नाहीतर भट्टीवर जा.

आता आमच्या टेपेची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आमच्या टोळीकडे पन्नास मीटरची टेप आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं तोंड उकळत्या रंगाच्या टाकीत पडलं आणि पहिले पाच मीटर कामी आले. नवी टेप मागायला मी अर्ज केला. तो अर्ज अजून कुठल्यातरी कपाटात आराम करतोय. मग आम्हीच रिवाज पाडला. टेप सुरू होते पाचच्या आकड्यापासून, तेव्हा चाळीस मीटर हवे असतील तर पंचेचाळीसच्या आकड्यावर खूण करायची. टोळीतला कुणीही हे झोपेत चुकत नाही. उलट जागेपणी घोळ होतो: घरच्या खिडकीचा पडदा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराच्या धडधाकट टेपेवरही मी सवयीने पाच वाढवूनच सांगितले. उरलेल्या कापडाच्या उशा आमच्या घरात अजून निघतायत.

मापाच्या दिवशी इंजिनिअर मॅडम स्वतः आल्या. नव्या आहेत, हुशार आहेत, आणि वहीत सगळं टिपून घेतात. टोळीतल्या एकाने टेपेचं टोक रुळाशी धरलं, मी चालत निघालो. ताईच्या दुकानाची पायरी जवळ आली. ताई गल्ल्यावर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होती. चाळीसचा आकडा आला, आणि मी तिथेच, पायरीच्या अलीकडे, खडूने खूण केली.

मॅडमनी वाकून आकडा वाचला. चाळीस. वहीत लिहिलं, चाळीस. टोक धरलेल्याने तिकडून तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते जांभई देऊन मिटलं. दुपारपर्यंत रेघ मारून झाली. सरळ, ठसठशीत, एकही थेंब बाहेर नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रेघ, आणि पाच मीटर खोटी.

पहिल्यांदा पकडलं ते फाटकवाल्याने. ह्याला सगळे दोनमिनिटं म्हणतात, कारण फाटक किती वेळ बंद राहणार विचारलं की त्याचं एकच उत्तर असतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो रोज पाव आणायला ताईकडे चालत जातो, आणि वेळेत परत यायचं म्हणून पावलं मोजतो. वीस वर्षं मोजतोय. मला गाठून म्हणाला, केबिनपासून ताईचं दुकान संपेपर्यंत माझी पंचावन्न पावलं होतात, ते चाळीस मीटर. तुझी रेघ अठ्ठेचाळीसवरच संपते. मी म्हटलं, म्हातारपणी पावलं लांब पडायला लागली असतील. तो म्हणाला, म्हातारपणी लांब पडतात होय? आणि मान हलवत गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. पुढचे चार दिवस मी त्याला टाळत होतो.

पण मी मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू. ताईच्या दारात पाच मीटर मोकळे. एक गाडी आरामात उभी राहते. नियमही झाला, दुकानही वाचलं.

कपाळ माझं. आधी लोक कुठेही थांबायचे, कुणी इकडे, कुणी तिकडे. आता सगळीकडे पिवळी रेघ, आणि मोकळी जागा गावात एकच. म्हणजे पाव हवा असलेला प्रत्येक जण त्याच एका जागेसाठी टपलेला. पुढचा निघेपर्यंत दुसरा रस्त्याच्या मधोमध थांबून राहायचा. दुसऱ्याच्या मागे तिसरा. पूर्वी फाटकापर्यंत कधीमधी पोचणारी रांग आता रोज सकाळी पोचायला लागली. दोनमिनिटं घसा फोडून ओरडायचा. ताई गल्ल्यावरून ते बघायची, आणि हल्ली ती गिऱ्हाइकांना भराभर हाकलायला लागली होती, सुट्टे शोधत बसलेल्याला तर चिमटाच दाखवायची.

मग तो मंगळवार उजाडला. मी रंगाची गाडी घेऊन पलीकडच्या कामावरून परत येत होतो. मागे टाकीत रंग गरम, पुढे सहा गाड्यांची रांग. फाटक उघडं होतं. पुढचा सरकला तसा मीही सरकलो, कारण माझ्या मागचा भोंगा वाजवून माझा जीव खात होता. आणि रांग थांबली. मी खाली बघितलं. माझी पुढची चाकं एका रुळापलीकडे, मागची दुसऱ्याअलीकडे. तेवढ्यात घंटा वाजायला लागली.

दुसऱ्याला सांगणं सोपं असतं की गाडी सोडून उतर आणि पळ. मी तेच सगळ्यांना सांगत आलोय. पण त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं असेल? सरकारी गाडी आहे, रंगाने भरलेली आहे, आणि सोडून गेलो तर अर्ज करावा लागेल. असा गाढवपणा. हात स्टिअरिंगवरून सुटेचनात. सहा गाड्यांच्या पलीकडे मला ताईचं दुकान दिसत होतं. दारातल्या मोकळ्या जागेत एक पांढरी मोटार उभी होती आणि तिच्यातला जाडसर माणूस खिडकीतून बिस्किटांच्या बरण्यांकडे बोट दाखवत होता. ही नको, ती. ती नको, ही.

ताईने मान वर केली आणि तिला मी दिसलो.

बासष्ट वर्षांच्या बाईला गल्ल्यावरून उडी मारून बाहेर येताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिने पांढऱ्या मोटारीच्या टपावर चिमटा असा हाणला की आवाज फाटकापर्यंत आला. मोटार पुढे उडाली. मग ताई रस्त्याच्या मधोमध, एकेका गाडीच्या टपावर चिमटा, दुसरी, तिसरी, आणि गाड्या अशा पळाल्या की मागे वळून बघायची कुणाची टाप नव्हती. माझ्यासमोर रस्ता मोकळा झाला आणि मी कसा पुढे आलो मला आठवत नाही. दुकानासमोर येऊन गाडी बंद पडली. म्हणजे मीच ती बंद पाडली.

मागे दोनमिनिटंने फाटक लावलं. नंतर कळलं की फाटक लागल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही. आगगाडी लांब उभी राहून नुसती शिट्ट्या मारत होती. हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. पण मी पायरीवर बसून अजून ती घंटाच ऐकत होतो.

ताईने दुकान बंद केलं. तीस वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदा. मला आत नेऊन पाणी दिलं आणि समोर स्टूल ओढून बसली.

"रेघ किती मीटर आहे रे तुझी?"

"चाळीस."

तिने हात उचलला. मी कान झाकला.

"पस्तीस," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. टेप, टाकी, खडू, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं आता चिमटा माझ्यावर चालणार. पण ती माझ्या नखांकडे बघून भलतंच बोलायला लागली. म्हणाली, लहानपणी दाराच्या चौकटीवर तुझी उंची मोजायचे ना मी, तेव्हा दर वेळी एक बोट वाढवून रेघ मारायचे. तू वर्गात सगळ्यात बुटका होतास, रडायचास.

बावन्नाव्या वर्षी मला हे कळतंय. त्या चौकटीच्या जोरावर मी शाळेत किती जणांशी पैजा लावल्या होत्या.

"पण त्या रेघेखालून आगगाडी जात नव्हती, गाढवा," ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मलाही मग राहवलं नाही. दोघं भावंडं पिठाच्या पोत्यांमध्ये बसून रडलो, आणि बाहेर कुणीतरी पावासाठी दार वाजवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे उभा राहिलो. म्हटलं, माप चुकलं, पाच मीटर कमी भरले, टेप तुटलेली आहे. त्या म्हणाल्या, दोन वर्षं तुटलेली आहे, मग त्याच दिवशी बरी कशी चुकली? लगेच त्यांनी विचारलं, त्या बेकरीवाल्या तुमच्या कोण. मी म्हटलं, मोठी बहीण.

"मलाही एक आहे," मॅडम म्हणाल्या. मग कपाटातून एक कोरी टेप काढून माझ्यापुढे ठेवली, आणि उरलेलं काम आजच करा, परत असं झालं तर बहीण कुणाचीही असो, असंही म्हणाल्या.

मी पाच मीटर पुढे रेघ ओढली. पायरीसमोरून, दारासमोरून, पार बोळाच्या तोंडापर्यंत. ताई दारात उभी राहून बघत होती. मध्ये फक्त एकदा म्हणाली, इथे जरा वाकडी होतेय. झाली होती.

रात्री बायकोला म्हटलं, उद्या जर कुणीच आलं नाही तर? ती म्हणाली, येतील. मी म्हटलं, साठ पावलं आहेत. ती म्हणाली, तुम्ही तर टीव्हीचं बटण दाबायलाही उठत नाही, तुम्हाला साठ पावलं डोंगर वाटणारच. पण माझा धीर होईना. मी एक शक्कल काढली.

सकाळी सातला भट्टी बंद झाली. पाव फळीवर मांडलेले, कडा तांबूस, वास बोळापर्यंत. ताईने स्वच्छ पांढरा एप्रन घातला होता आणि ती गल्ल्यामागे उभी होती, बसली नव्हती. मी दाराशी टेकून, सहज आल्यासारखा. गाड्या येत होत्या, वेग कमी करत होत्या, पिवळी रेघ बघत होत्या आणि निघून जात होत्या. साडेसात झाले. पावणेआठ झाले. ताई फळीवरचे पाव इकडचे तिकडे मांडत होती.

"रोजचे येत होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला वाटायचं पावासाठी येतात. दार वाटेत पडायचं म्हणून येत होते की काय, कोण जाणे."

आणि तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे, शाळेच्या भिंतीकडून एक जण चालत आला. त्याने सहा पाव मागितले. त्याच्या मागून दुसरा, बनपाव. तिसऱ्याने तर, इतका छान वास आला की गाडी लावून चालतच आलो, असं पाठ केलेलं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं. ताईने तिघांचे पाव पुड्यांत बांधले. मग गल्ल्यावरून पुढे झुकून खाली बघितलं.

"तुझ्या टोळीतले ना रे हे?" ती मला म्हणाली. "तिघांच्या बुटांवर पिवळा रंग आहे."

सव्वीस वर्षांत मला एवढी लाज वाटली नव्हती. तिघांनी पुड्या उचलल्या आणि काढता पाय घेतला. ताई रागावलीसुद्धा नाही, हेच वाईट. तिने एप्रनला हात पुसले आणि स्टुलावर बसली.

आठ वाजून गेले. फाटक लागलं, आगगाडी गेली, फाटक उघडलं. गाड्यांची रांग आली आणि न थांबता, एकसलग, निघून गेली. दोनमिनिटं केबिनच्या दारात उभा राहून ते असं बघत होता की त्याला देव दिसत असावा.

मग बोळाकडून पावलं वाजली. कुणीतरी धापा टाकत येत होतं आणि येता येता मोठ्याने कुरकुरत होतं, नगरपालिकेच्या नावाने, पिवळ्या रेघांच्या नावाने, त्या मारणाऱ्याच्या नावाने. तो जाडसर माणूस होता, पांढऱ्या मोटारीवाला. गल्ल्यावर दोन्ही हात टेकून त्याने श्वास घेतला. म्हणाला, बाई, माझ्या टपाला पोचा आलाय, त्याचं नंतर बोलू. आधी डझनभर पाव द्या, ह्यांच्याशिवाय घरात चहा होत नाही. आणि बिस्किटं. ती नको, ही.

ताई उठली नाही. ती गल्ल्यावरून पुढे झुकली आणि आधी त्याच्या बुटांकडे बघितलं.

बूट काळे होते. शाळेच्या भिंतीकडची धूळ होती, पण रंगाचा एक ठिपका नव्हता.

तिने चिमटा उचलला, बारा पाव मोजून पुडीत घातले आणि वर तेरावा घातला. मग पाठ वळवून एप्रनने डोळे पुसले. भट्टीचा धूर, म्हणाली. भट्टी तासाभरापूर्वीच बंद झाली होती. मी काही बोलणार तोच बोळाच्या तोंडाशी अजून दोघं दिसली, एक बाई आणि तिचा म्हातारा बाप, काठी टेकत सावकाश येणारा.

ताईने चिमट्याने मला दारातून बाजूला सारलं.

"इथे काय उभा राहिलास?" ती म्हणाली. "थांबायला मनाई आहे, वाचता येत नाही?"